मनुबाईच्या हनुवटीचा पट्टा

लढाई संपली होती. चोवीस दिवसांनी घरी येतो, असं सयाजीचं पत्र भाऊसो मास्तरांनी वाचून दाखवलं, तेव्हा मनुबाईनं आधी देवापुढे गूळ ठेवला आणि मग माजघरात जाऊन आरसा उचलला. आरशात तिला आपली हनुवटी दिसली. तिच्याखाली आणखी एक हनुवटी दिसली. सयाजी चार वर्षांपूर्वी पलटणीत गेला, तेव्हा ती नव्हती.

एरवी यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ, दावणीला दोन म्हशी. अशा घरात माणूस भरतोच. घोटाळा पत्रांचा होता. नवरा पलटणीत गेल्यापासून मनुबाई दर महिन्याला मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायची आणि प्रत्येक पत्रात ‘तुमच्या काळजीनं घास गिळत नाही, वाळून काडी झाले’ एवढं घालायला लावायची. मास्तरांनी पहिल्या वर्षी एकदा चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, पुढे तेही सोडलं. सयाजीही तसाच हळवा. तोफा धडाडताहेत, दोन-दोन दिवस पोटात अन्न नाही, पण तुझे हाल वाचून रडू येतं, असं उत्तर यायचं. आता तो मोटारीतून उतरणार आणि गर्दीत काडी शोधणार.

मनुबाईनं मिरजेच्या बहिणीला निरोप धाडला. अंजनाचा नवरा तिथे एका डॉक्टराकडे कंपाउंडर होता. तिसऱ्या दिवशी अंजना पिशवीतून एक गुलाबी पट्टा घेऊन आली. तो हनुवटीखालून घ्यायचा, कानांवरून वर न्यायचा आणि टाळूवर बक्कल आवळायचं.

“मडमा लावत्यात,” अंजना म्हणाली. “सकाळपास्नं दिवा लागंपतूर ठेवायचा. जेवताना तेवढा काढ. पर बोलायचं न्हाई. त्वांड हललं की पट्टा सरकतो आनि चरबी भलतीकडं जाती.”

“भलतीकडं म्हंजी कुटं?”

“ते कागदावर लिवल्यालं न्हाई.”

एवढं सांगून अंजना दुपारच्या गाडीनं परत गेली.

मनुबाईचा आवाज एरवी तीन गल्ल्या ओलांडायचा. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी घर इतकं शांत झालं की म्हशींनीही माना वळवल्या. सासू हरणाबाई धावत आली. सुनेची बांधलेली हनुवटी बघून तिनं दात दुखतोय का विचारलं, कान दुखतोय का विचारलं. मनुबाई मान हलवत राहिली. खरं सांगावं तर पत्रं बाहेर पडणार. तिनं भिंतीवरच्या सयाजीच्या फोटोकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडे दाखवलं आणि हात जोडले.

हरणाबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आपला सयाजी धड परत यावा म्हणून सुनेनं मौन धरलंय, हे तिनं पाणवठ्यावर शेजारच्या शालूबाईला सांगितलं. दुपारपर्यंत गावाला कळलं आणि पट्टा उतरल्यावरही मनुबाईला बोलायची सोय उरली नाही.

आता त्या गावात घरटी एक माणूस पलटणीत होता. शालूबाईचा नवरा ब्रह्मदेशाकडे गेला होता आणि त्याची पाच महिन्यांत खुशाली नव्हती. व्रत धरलेल्या बाईला जेवू घातलं तर आपलाही माणूस येईल, म्हणून ती तुपात थबथबलेला गुळाचा शिरा घेऊन आली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. कुणी पुरणपोळी आणली, कुणी खरवस. मनुबाई दोन्ही हातांनी नको-नको करी आणि बायका म्हणत, बघा, किती निगर्वी. हरणाबाई पट्टा सोडून स्वतःच्या हातानं भरवायची. मौनाला उपास लागत नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

त्यात आणखी एक जाच. ही बाई बोलत नाही म्हटल्यावर जो तो तिच्यापाशी मन मोकळं करायला लागला. कुणाच्या जावेनं काय केलं, कुणाच्या सुनेनं काय लपवलं, सगळं तिच्या कानांत पडायचं आणि बाहेर एक शब्द काढता येत नव्हता. जीव नुसता खदखदायचा. तेवढ्यात पुढची वाटी यायची. पंधराव्या दिवशी पट्टा एक भोक सैल करावा लागला.

एकविसाव्या दिवशी तासगावची मोटार आली, तेव्हा हलगी वाजत होती. मनुबाई खाली मान घालून सगळ्यांच्या पुढे उभी होती. तिला आधी बूट दिसले. मग खाकी कोट दिसला. त्याची बटणं जिवावर उदार होऊन टिकली होती. मग तिनं हळूच मान वर केली. सयाजीच्या कॉलरीवर एक हनुवटी टेकली होती आणि तिच्यावर दुसरी.

“एकवीस दिस तुज्यापायी त्वांड उघडलं न्हाई तिनं,” हरणाबाई म्हणाली. “आता तुज्याच हातानं सोड, लेका.”

सयाजीनं बक्कल काढलं. इतके दिवस वर टांगलेली हनुवटी खाली उतरली आणि ऐसपैस बसली. गर्दी पुढे सरकून बघू लागली.

“तपाचं त्याज हाय ते,” शालूबाई म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

सयाजी पट्टा उलटून बघत होता. आतून इंग्रजी चिठ्ठी शिवलेली होती आणि पलटणीत माणसाला इंग्रजी अक्षरं शिकवतात. ओठ हलवत तो वाचू लागला. त्यानं शेवटपर्यंत वाचलं. तिच्याकडे बघितलं. मग पट्ट्याची नीट घडी करून खिशात घातली.

“लय कडक व्रत दिसतंय,” तो म्हणाला.

घरी हरणाबाई चुलीकडे वळल्याबरोबर मनुबाईनं त्याला कोपऱ्यात गाठलं.

“कंच्या तोफंपाशी हुतासा तुमी?”

सयाजीनं दाराकडे बघितलं. “देवळालीला. भटारखान्याच्या कोठीत.”

“चारी वरसं?”

“चारी. समिंदरबी बघितला न्हाई. आनि तुला घास गिळत न्हवता म्हनं.”

“न्हवताच. आत्याबाई ऐकंनात, त्याला म्या काय करू?”

दोघं एकमेकांच्या हनुवट्यांकडे बघून हसायला लागली, तोच ओसरीवर पावलं वाजली. नाथाजी पेन्शनर सगळं गाव घेऊन आला होता. आधीच्या, चौदा सालच्या लढाईत तो बसऱ्याला जाऊन आलेला. सयाजी कुठल्या टेकडीवर होता, पुढे तोफा किती, मागे किती, सगळं खोदून विचारणार, असं तो दारातूनच सांगत होता.

सयाजीला दरदरून घाम फुटला. “काय सांगू ह्यांस्नी?”

मनुबाईनं त्याच्या खिशातून पट्टा काढला, हनुवटीखालून घेतला, टाळूवर नेऊन बक्कल आवळलं आणि त्याला भिंतीला टेकून बसवलं. मग पदर सारखा करून उंबऱ्यावर आली.

“त्यांनीबी धरलंय,” ती म्हणाली. “माजं फिटलं, आता त्यांचं. एकवीस दिस.”

लोकांनी हात जोडले. नाथाजी तेवढा खट्टू झाला. “मग लढाईचं कोन सांगनार?”

“पत्रांत समदं लिवलंवतं की त्यांनी. बसा, म्या सांगते.”

आणि एकवीस दिवस तुंबलेली मनुबाई उंबऱ्यावर मांडी घालून बसली. पहिली तोफ उडायच्या आत शालूबाई घरी जाऊन सयाजीसाठी शिरा घेऊन आली होती.