मावशींच्या शेजारची खुर्ची

मावशी हसल्या नाहीत, तेव्हा ध्वनिमुद्रकाला वाटलं, मायक्रोफोनच बंद पडला. त्याने टिचकी मारून पाहिली. मायक्रोफोन ठणठणीत होता. बिघाड मावशींमध्ये होता.

‘बेल वाजली’ ही विनोदी मालिका वीस वर्षांपूर्वी घरोघर पाहिली जायची. तिचे भाग आधी एका छोट्या सभागृहात कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना दाखवत आणि त्यांचं हसणं टिपून मालिकेला जोडत. त्यात एक हसू वेगळं होतं. ते आधी नाकात अडकायचं, मग किटलीच्या वाफेसारखं चढत जायचं आणि शेवटी ‘अगं बाई गं’ म्हणत खाली बसायचं. लोक नटांची नावं विसरले, ते हसू विसरले नाहीत. ते ध्वनिमुद्रकाच्या सख्ख्या मावशीचं होतं.

आता ‘बेल पुन्हा वाजली’ येणार होती. जुन्या फितींना बुरशी लागली होती. निर्मात्या बाईंनी बजावलं होतं, “नट नवे चालतील, हसू जुनंच हवं. नाहीतर लोक म्हणतील, पहिलीची सर नाही.” नव्या माणसांच्या भाऊगर्दीत नोकरी कशीबशी टिकवून असलेल्या ध्वनिमुद्रकाने छातीठोक शब्द दिला होता, “मावशी घरचीच आहे. बसवली की हसली.”

बसवली तर होती.

“काय गं मावशी, बरं नाही का?”

“बरी आहे की. हसूच येत नाही, त्याला मी काय करू?”

“अगं, तो जावई स्वतःच बेल वाजवतो आणि लपतो!”

“हो ना, बिचारा. घरात कुणी विचारत नसेल त्याला.”

निर्मात्या बाई स्वतः पुढे आल्या. “मावशी, गंमत अशी आहे, त्याला वाटतं बायको दार उघडेल. पण उघडते सासू!”

“उघडणारच. तिचंच घर आहे.”

शेवटच्या रांगेतला लेखक खुर्चीत आणखी खाली सरकला.

मावशी हसेनात म्हणून सभागृहातले बाकीचे जुने नातेवाईकही हसेनात. त्यांच्याआधी हसणं म्हणजे मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालण्यासारखं, अशी सगळ्यांची वीस वर्षांपूर्वीची सवय होती. “निदान खोटं तरी हसून दाखव,” ध्वनिमुद्रक काकुळतीने म्हणाला. मावशींनी प्रयत्न केला. हेडफोनमध्ये ते हसू गुडघे दुखणाऱ्या माणसाने जिना उतरावा तसं ऐकू आलं, एकेक पायरी जपून.

“पहिली ती पहिलीच रे,” मावशी हळहळल्या. “तिच्यात जीव होता.”

निर्मात्या बाईंनी ध्वनिमुद्रकाकडे पाहिलं. “उद्या एकदा बघू. नाही जमलं तर मी दुसरा माणूस बघते.” दुसऱ्या मावशी नव्हेत, दुसरा ध्वनिमुद्रक, हे त्याला न सांगता समजलं.

दुसऱ्या दिवशी मावशी चष्मा घरी विसरून आल्या. तो द्यायला मावशींचे यजमान, म्हणजे काका, आले. काकांनी जन्मभर इमारतींचे नकाशे काढले होते. माणूस कमालीचा गंभीर. चालून दमले म्हणून ते मावशींच्या शेजारी टेकले. पडद्यावर बेल वाजली.

“कोण आहे हा?” काकांनी कुजबुजत विचारलं. अलीकडे ऐकायला कमी येऊ लागल्यापासून त्यांची कुजबुज शेजारच्या इमारतीपर्यंत जात असे.

“जावई.”

“मग बेल कशाला वाजवतो? किल्ली हरवली?”

“अहो, वाजवून लपलाय तो.”

“लपलाय? मग आलं कोण होतं?”

“तोच!”

“तोच आला आणि तोच लपला.” काका विचारात पडले. “मग आता दार उघडलं ते कुणासाठी?”

मावशींच्या नाकात काहीतरी अडकलं. मग किटली चढू लागली. ‘अगं बाई गं’ येईपर्यंत सगळं सभागृह हसून लोळत होतं. ध्वनिमुद्रकाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते नोकरी वाचल्याचं होतं.

“मावशी, तेव्हाही काका शेजारी बसायचे?”

“दर वेळी. मला मालिका बघायला फुरसत कुठे होती!”

“अगं, पण काल तर म्हणालीस, तिच्यात जीव होता!”

“होता की. शेजारच्या खुर्चीत.”

अडचण एकच उरली. काकांचे प्रश्नही हसण्यात मिसळले होते. ध्वनिमुद्रकाने खूप खटपट केली, पण प्रश्न कापला की हसूही तुटायचं. शेवटी भाग तसाच दाखवावा लागला. आणि प्रेक्षक खूश! नवी मालिका जुनीच्या तोडीची आहे, उलट त्या मधेमधे विचारणाऱ्या गृहस्थांमुळे काकणभर सरसच, असं लोक कळवू लागले. निर्मात्या बाईंनी ती खुर्ची काकांच्या नावाने राखून ठेवली. ध्वनिमुद्रकाला त्यांनी चक्क चहा पाजला.

आपल्याला का बोलावतात, हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं. बोलावलंय तर तयारीने जावं, एवढंच त्यांना माहीत. त्यांनी लेखकाकडून पुढचे भाग मागून आणले. आजवर कुणी मागितले नव्हते म्हणून लेखकाने ते दोन्ही हातांनी दिले. काकांनी ते तीनदा वाचले, मालिकेतल्या घराचा नकाशा काढला आणि कोण कुठल्या दाराने येतो ते बाणांनी दाखवलं.

पुढच्या वेळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मावशी रुमाल हातात धरून तयारीत बसल्या. बेल वाजली. काका गप्प. पुन्हा वाजली. काकांनी नुसती मान डोलावली.

“अहो, कोण आहे हा?” शेवटी मावशींनीच विचारलं.

“धाकटा भाऊ. मागच्या दाराने आलाय. लक्ष दे,” काका म्हणाले.

काचेमागून ध्वनिमुद्रक हात जोडून काकांना खुणावत होता. काकांनीही त्याला अदबीने नमस्कार केला.

तेवढ्यात सासूने कपाट उघडलं, त्यातून जावई आणि धाकटा भाऊ दोघेही बाहेर पडले, आणि काका हसले. अगदी वेळेवर, मोठ्याने, एकटेच.

मावशींनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्या घाबरून उठल्या आणि काकांची पाठ चोळू लागल्या. “ठसका लागला का हो? बोलू नका, वर बघा! थांबा, पाणी आणते!”

सभागृह फुटलं. लोक खुर्च्यांना धरून हसले, निर्मात्या बाई हसल्या, लेखकसुद्धा हसला. ध्वनिमुद्रक हेडफोन कानांवर दाबून त्या गदारोळात एकच हसू शोधत राहिला.

मावशी बाहेर पेला विसळत होत्या.