बंद दाबा, पाणी येईल

कोणतीही गोष्ट चालू करणं सोपं असतं. ती रीतसर चालू करणं अवघड असतं, आणि माणसाची खरी प्रगती या दुसऱ्या प्रकारात झालेली आहे. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या 'कृतार्थ' सोसायटीचा पाण्याचा पंप हे याचं ठळक उदाहरण होय. (प्रस्तुत लेखक कार्यकारिणीचा सदस्य असल्यामुळे तटस्थ आहे.)

पूर्वी सकाळी पालिकेचं पाणी आलं की आमचा वॉचमन पोपट भिंतीवरचं बटण अंगठ्याने दाबायचा. पंप सुरू व्हायचा, गच्चीवरची टाकी भरायची. या पद्धतीत एक गंभीर दोष होता, तो म्हणजे तिच्यात सभा घेण्यासारखं काही नव्हतं. सबब, वार्षिक सभेत पंप 'स्मार्ट' करण्याचं ठरलं. विरोधात एकच मत पडलं, चौथ्या मजल्यावरच्या शीलाताईंचं. (त्यांना वाटलं, मतदान लिफ्टच्या रंगावर आहे.)

कामगिरी तिसऱ्या मजल्यावरच्या संदेशकडे आली. संदेशला जावा येतं. ही संगणकाची भाषा असून बँका, विमा कंपन्या अशा मातब्बर ठिकाणी चालते. ऑफिसला जाता-येता शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये बसून त्याने प्रोग्रॅम लिहिला, त्यामुळे वेळ भरपूर मिळाला.

यंत्रणा अशी: पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक. त्याच्या कडेला पिनांच्या रांगा. प्रोग्रॅमने हुकूम दिला की पिनवर वीज येते किंवा जाते. पिनला रिले जोडलेला, म्हणजे छोट्या विजेच्या सांगण्यावरून मोठी वीज सोडणारं बटण. आता, एका पिनला वीज देणं हे इतर भाषांत दोन ओळींचं काम आहे. पण जावात कुठलंही काम असं थेट करत नाहीत. पंप सुरू करण्याची इच्छा धरणारा एक विभाग, त्या इच्छेला मंजुरी देणारा दुसरा, आणि मंजुरी देणाऱ्याला जन्माला घालणारा एक कारखाना, अशी तिथे व्यवस्था असते. सेक्रेटरी रवींद्रकाकांनी ही रचना ऐकली आणि त्यांना भरून आलं. "अरे, ही तर आपलीच माणसं!" ते म्हणाले.

टाकी भरली की नाही हे कळवायला आणखी एक पिन ठेवली होती. अशा पिनला 'वीज आहे' किंवा 'वीज नाही' यांपैकी एका बाजूला नीट बांधून घ्यावं लागतं, नाहीतर ती अधांतरी राहते आणि मनाला येईल ते कळवत बसते. ते बांधणं राहून गेलं. (अशा अधांतरी सभासदांना आम्ही सल्लागार समितीवर घेतो.) म्हणून पिनचं म्हणणं फक्त ऐकून घ्यायचं आणि पंप पोपटनेच मोबाइलवरून चालवायचा असं ठरलं. थोडक्यात, पूर्वी पोपट अंगठ्याने बटण दाबायचा. स्वयंचलित यंत्रणा आल्यापासून तो अंगठ्याने बटण दाबतो. भिंतीवरचं जुनं बटण चिकटपट्टी लावून, वर सोसायटीचा शिक्का मारून सील करण्यात आलं.

उद्घाटनाला अध्यक्ष देवराम भोईर यांनी नारळ फोडला आणि मोबाइलवर 'चालू' दाबलं. काही झालं नाही. त्यांनी 'बंद' दाबलं. पंप घरघरला. टाळ्या झाल्या.

"काका, उलटं झालंय," संदेश म्हणाला. "हा रिले पिनची वीज गेली की चालतो. प्रोग्रॅममध्ये एक शब्द बदलतो, दोन मिनिटं द्या."

"आता? अरे, नारळ फुटलाय!" रवींद्रकाका म्हणाले. "आता दुरुस्ती केली तर उद्घाटन चुकीचं होतं असा अर्थ निघेल."

"आणि ते मी केलंय," अध्यक्ष म्हणाले. "नाय बदलायचं."

सबब, ठराव झाला: यापुढे 'बंद' याचा अर्थ 'चालू' आणि 'चालू' याचा अर्थ 'बंद' असा घेण्यात यावा. एक शब्द बदलण्याऐवजी आम्ही अख्खी बिल्डिंग बदलली, आणि ती आठवड्याभरात बदललीही. लिफ्टमध्ये स्टिकर लागला: 'बंद दाबा, पाणी येईल.' वर्षभर सगळं सुरळीत चाललं.

मग जावई आला.

शीलाताईंच्या समीक्षाला मुलगी झाली होती आणि बारसं आमच्याच बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर होतं. यजमान गेल्यानंतरचं ताईंच्या घरातलं हे पहिलं कार्य. नौपाड्याची व्याही मंडळी प्रथमच जेवायला येणार होती. कशातच कमी पडू नये म्हणून ताईंनी पडदेसुद्धा धुऊन लावले होते.

जावई मितेश आदल्या संध्याकाळी आला. तोही जावावालाच. लिफ्टमधला स्टिकर वाचून तो अस्वस्थ झाला. त्याने संदेशला गाठलं. "बदल रे बाबा," संदेश म्हणाला, "मी वर्षभर वाट बघतोय." मितेशने एक शब्द बदलला आणि कुणालाही सांगितलं नाही. "बटणावर लिहिलंय तेच आता होणार," तो समीक्षाला म्हणाला, "हे काय लोकांना सांगत फिरायचं?" (तरुण आहे.)

रविवारी सकाळी पोपटने नेमाने 'बंद' दाबलं. पंप बंद राहिला. पाहुणे आले, पाळणा सजला, आणि ऐन जेवणाच्या वेळी चौथ्या मजल्यावरचा नळ खोकून गप्प झाला. मितेशचे काका संडासात गेलेले, ते आतून हाका मारू लागले. उत्सवमूर्तीने पाळण्यातच कार्यक्रम उरकला. तिला बाटलीच्या पाण्याने धुतलं. विहीणबाई कांताताई गोड हसल्या. "असू दे हो. आमच्या नौपाड्यात पाणी जातच नाही, म्हणून मेली सवय नाही आम्हाला." शीलाताईही हसल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड लपवून रडल्या. मला फार वाईट वाटलं. (व्यक्तिशः, कार्यकारिणीच्या वतीने नव्हे.)

खाली पंपाजवळ गर्दी जमली.

"पोपट, बंद केलंस का?"

"केलं ना साहेब! परत परत बंद करतोय!"

कुणीतरी भिंतीवरच्या जुन्या बटणाकडे बोट दाखवलं. सील फोडायला सभा लागेल, असं रवींद्रकाकांनी निदर्शनास आणलं. इतक्यात मितेश रेशमी कुर्त्यात धावत आला. "अहो, आता चालू दाबा!"

पोपटने मोबाइल छातीशी धरला. "जावईबापू, असं कसं? चालू केलं तर बंद होईल ना!"

मितेशने मोबाइल हिसकावून 'चालू' दाबलं. पंप घरघरला. थोड्या वेळाने वर संडासातून मितेशचे काका बाहेर आले.

सभा तिथेच पार्किंगमध्ये झाली. "पण मी बरोबर केलं होतं!" मितेश म्हणाला.

"तेच तर!" देवराम भोईर म्हणाले. "आमचं चुकीचं होतं तवा पाणी येत होतं ना?"

मितेशने खाली बसून तो शब्द पुन्हा उलटा केला. निघताना शीलाताईंनी त्याच्या हातावर दही ठेवलं. "रागावू नका हं जावईबापू," त्या म्हणाल्या, "पण चाललेलं ना नीट?"

तुम्हाला हसू येतंय. येऊ दे. पण काल तुमच्याकडे पाहुणा आला होता आणि पंखा लावायला उठला होता. तुम्ही सोफ्यावरूनच ओरडलात: "ते नाही, ते बेलचं! त्याच्या बाजूचं. आणि खाली नाही, वर करा." घर घेतल्यापासून ते बटण तसंच आहे, आणि घरातलं शेंबडं पोरसुद्धा ते बरोबर उलटं दाबतं.

आमच्याकडे निदान ठराव तरी आहे.