उतरताना नव्वद

जावयाने सासूबाईंना लिफ्टमध्ये उभं केलं आणि बाराव्या मजल्याचं बटण दाबलं, तेव्हा त्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता. सासूबाई निवृत्त गणिताच्या बाई. हा माणूस दिवसभर खोलीचं दार लावून नक्की काय करतो, हे लग्नाला सहा वर्षं झाली तरी त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. "आकडा एका मेमरीतून उचलायचा आणि दुसऱ्या मेमरीत नेऊन ठेवायचा," असं त्याने एकदा समजावलं होतं. "आणि त्याला दिवस पुरत नाही?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

त्या आठवडाभर राहायला आल्या आणि नेमकी लिफ्टमधली आकडे दाखवणारी पाटी गेली. सेक्रेटरींनी नवी आणली, पण जुन्या लिफ्टचं आणि तिचं काही जमेना. जावयाने "मी करतो" म्हणून ते काम अंगावर घेतलं आणि तीन दिवस सुट्टी काढून पाटीचा ड्रायव्हर लिहिला. म्हणजे लिफ्टने मजला सांगितला की तो आकडा पाटीच्या मेमरीत नेऊन ठेवणारा छोटासा प्रोग्रॅम. आता त्याचं काम सासूबाईंना डोळ्यांनी दिसणार होतं.

मुहूर्तासाठी नुकतीच बंद करून चालू केलेल्या पाटीवर १, २, ३ करत आकडे शिस्तीत चढले. १२ आला. सासूबाईंनी चक्क मान डोलावली. शहाण्या माणसाने इथे थांबून जिना धरला असता. याने हौसेने तळमजल्याचं बटण दाबलं.

१२. ११. १०. ९०.

"आपण खालीच चाललोय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"मग नव्वद?"

जावयाने पाटीवर एक चापट मारली.

"ऐंशी," सासूबाई उजळणी घेतल्यासारख्या म्हणाल्या. "सत्तर. बोला की. साठ."

पहिल्या मजल्यावर पुन्हा १० आला आणि तळमजल्यावर ००.

"तू आधी तपासलं नव्हतंस?" घरी गेल्यावर बायकोने विचारलं.

"तपासलं होतं. वर जाताना."

"आणि उतरताना?"

"उतरताना तुलाच मेसेज लिहीत होतो. काम झालं म्हणून."

चूक कुठे आहे ते शोधायला तो लॅपटॉप उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "पाटीत दोन घरं. दहाचा एक पहिल्या घरात, शून्य दुसऱ्यात. मग तुम्ही नऊ आणून पहिल्या घरात ठेवलात. दुसऱ्यातलं शून्य कोण पुसणार? फळा न पुसता लिहिणाऱ्याला मी तासभर उभं करायची."

अर्ध्या मिनिटात सापडलं होतं. जावयाला चुकीपेक्षा त्याचाच जास्त संताप आला. पुसण्याची एक ओळ घातली की काम होणार होतं, पण मशीनच्या खोलीची किल्ली मेकॅनिक खिशात घालून गेला होता आणि तो परवा उगवणार होता.

दरम्यान लोक भलत्याच मजल्यांवर उतरून भलत्याच घरांच्या बेल वाजवायला लागले. सासूबाईंना ते बघवेना. त्यांनी लाल शाईने कागद लिहिला आणि लिफ्टमध्ये चिकटवला: 'नऊपर्यंतच्या मजल्यांपुढचं शून्य वाचू नये. दहा दोनदा येतो. खालचा पहिला मजला, वरचा दहावा.' एका दिवसात अख्खी इमारत सरळ झाली. "बाईंनी लिफ्ट दुरुस्त केली," असं सेक्रेटरी भेटेल त्याला सांगत सुटले. जावई ऐकत होता आणि दात आवळत होता.

तिसऱ्या दिवशी किल्ली आली. त्याने ओळ घातली, चार वेळा वर गेला, चार वेळा खाली आला, मोबाइल घरी ठेवून. एकूण एक आकडा बरोबर आला. कागद काढायला मात्र त्याचा हात धजेना. सासूबाईंचं अक्षर होतं.

संध्याकाळी दारात दोघं उभे राहिले.

"मी दहावर राहतो," सेक्रेटरी म्हणाले. "दार उघडलं, दहा दिसला. पण तो पहिलाच दहा होता, म्हणून उतरलो नाही. कोणीतरी खालून बटण दाबलं आणि मी परत तळमजल्याला."

"माझं घर पहिल्या मजल्यावर," त्यांच्यासोबतचे आजोबा म्हणाले. "वरून खाली येताना मी दुसऱ्या दहाची वाट बघत होतो. तो आलाच नाही."

"पण एक आला असेल ना!"

"एक आला. त्याच्याबद्दल कागदावर काही नाही."

"अहो, आता पाटी बरोबर आहे," जावई कळवळून म्हणाला. "कागद काढा, संपलं."

"लोकांना आत्ता कुठे सवय लागली," सेक्रेटरी म्हणाले. "होतं तसं करून द्या."

जावयाने बायकोकडे पाहिलं. बायकोने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई कागद पक्का चिकटवायला डिंक शोधत होत्या. तो गेला आणि नोकरीत पहिल्यांदाच, पूर्ण शुद्धीत, दुरुस्त केलेला ड्रायव्हर त्याने बिघडवला.

वर आला तेव्हा सासूबाई धाकट्या लेकीशी फोनवर बोलत होत्या. आवाजात चक्क कौतुक होतं.

"कळलं गं एकदाचं, जावई काय करतात ते. लिफ्टच्या आकड्यांना शून्य लावतात. छान लावतात. मध्ये काढून बघितलं त्यांनी, पण लोकांचे फार हाल झाले."