आधी भांडून घ्यावं

घर बघायला गेलेली माणसं आधी नळ सोडून बघतात, खिडक्या उघडून बघतात. तात्या आधी घरमालकाशी भांडायचे. तेही चप्पल काढायच्या आत.

"आदी भांडून घ्यावं, पाव्हणं," ते मला समजवायचे. "खुशीत असल्यावर समदीच ग्वाड असत्यात. चिडल्यावर माणूस कसा हाय, ते बघाय नगं?"

तात्या म्हणजे सुषमाचे, माझ्या बायकोचे, थोरले चुलते. बारामतीच्या पुढं, शेळगावला असतात. कंपनीनं माझी बदली पुण्याहून बारामतीला केली, आम्ही पुण्यातली जागा सोडली आणि घर मिळेपर्यंत तात्यांकडे उतरलो: मी, सुषमा, तीन वर्षांची मनू आणि तान्हा बाळ्या. चार दिवसांचा तर प्रश्न होता. गणपतीत गेलो होतो, दिवाळीचा फराळ तिथंच झाला.

राग हा तात्यांचा जोडधंदा. लाईट गेली की ते बाहेर जाऊन खांबाला शिव्या घालायचे. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या पोरीला "हळू बोल की, कोण मागं लागलंय?" म्हणून दम द्यायचे. फक्त बाळ्या रडायला लागला की गप्प व्हायचे आणि त्याला खांद्यावर टाकून गोठ्याकडे निघून जायचे.

तर घरं. पहिला बंगला बारामतीत कॉलेजच्या अंगाला. मालकानं दारातच विचारलं, "जेवण कसं असतं तुमचं?"

"हातानं," तात्या म्हणाले.

"तसं नाही. मटण-मच्छी?"

"कवा येताय जेवाय ते सांगा. त्या दिशी करू."

मग मालकानं हळूच आडनाव विचारलं. तेवढ्यावर न थांबता, "म्हणजे कोण तुम्ही?" असंही विचारलं. त्यावर तात्यांनी जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येणार नाही. त्या दिवशी मलाही बरं वाटलं. मला जे बोलायचं होतं आणि नोकरदार माणसाला जे बोलता येत नाही, ते कुणीतरी मोठ्यांदा बोललं होतं.

दुसरीकडे एक बाई मनूकडे बघूनच म्हणाल्या, "लहान मुलं नकोत हो. रंग नवा आहे भिंतींचा."

"तुमी काय थोरल्याच जल्मला व्हय?" तात्या कडाडले. "आन् रंगाचं एवढं हाय तर भिंतीला झबलं शिवा की!"

असं चालू राहिलं. कुठं पोरं नकोत, कुठं बाहेरगावचे नकोत, कुठं आम्ही चालतो पण आमचं ताट चालत नाही. आणि जिथं सगळं चालायचं, तिथं तात्या होते. जिना अरुंद म्हणून भांडण. जिना रुंद म्हणून भांडण. इकडे शेळगावात लोक मला विचारायला लागले, "जावई आता हितंच व्हय?" हसून विचारायचे. मला ते हसणं रात्रीच्या भाकरीबरोबर गिळायला लागायचं.

आणि मग भिगवण रस्त्याकडचं ते घर मिळालं. मिळालं म्हणजे, जवळजवळ. मालक निवृत्त शिक्षक, गुरुजी, खाली एकटेच राहायचे. वरच्या दोन खोल्या, पुढं गच्ची. गुरुजींनी ना जात विचारली ना जेवण. मनूला पेरू दिला. सुषमानं पाळणा कुठं टांगायचा ते ठरवूनसुद्धा टाकलं.

"कठडा बुटका हाय," तात्या म्हणाले.

"जाळी बसवून देतो," गुरुजी म्हणाले.

"आत्तापातूर का न्हाय बसवली? पोरं पडायची वाट बघत हुता?"

गुरुजी बिचारे गडबडले. तात्यांचा आवाज चढत गेला, शेजारचे बाहेर आले. शेवटी गुरुजींनी हात जोडले. "मला बीपी आहे हो. तुम्ही दुसरीकडे बघा."

रस्त्यावर आल्यावर माझा बांध फुटला. "बास, तात्या! आम्हाला घर मिळूच द्यायचं नाही तुम्हाला! लोकांचं मी ऐकून घेईन, ते परके आहेत. तुम्ही का आमच्या मुळावर उठलाय?"

जावयानं असं बोलायचं नसतं. मी बोललो. सुषमानं मला अडवलं नाही. ती दुसरीकडे तोंड करून रडत होती. तात्यांनी तिच्याकडे बघितलं आणि गाडीत जाऊन बसले. शेळगाव येईपर्यंत त्यांनी कुणालाही शिवी दिली नाही, समोरून दिवे न लावता येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच जाऊन गुरुजींची माफी मागितली. घर मिळालं. तात्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जावा की. म्या काय बांदून ठेवलंय?"

निघायच्या दिवशी मात्र ते इस्त्रीची टोपी घालून आमच्याआधी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले होते.

सामान चढत होतं. मी गादी घेऊन जिन्यात वळलो आणि खालून तात्यांचा आवाज आला. इतका हळू, की आधी मला ओळखूच आला नाही.

"त्या दिशी लई बोललो, गुरुजी. मनात ठेवू नगा. पोरगं रातचं रडतं वो. रडलं तर यास्नी बोलू नगा. मला फोन लावा, म्या येतो."

"अहो, शेळगावहून? रात्रीचे?"

"कवाबी. मला कुठं झोप लागायचीय आता."

मी गादी पायरीवर टेकवून खाली डोकावलो. तात्यांनी वर बघितलं आणि ओरडले, "काय बघताय, पाव्हणं? गादी उचला की! का तिबी म्याच उचलू?"

सोडायला येतो म्हटलं तर ऐकलं नाहीत. एसटीनं गेले.

संध्याकाळी सुषमानं पोचलात का म्हणून फोन केला. "न पोचाय काय झालंय?" ते खेकसले. मग जरा थांबून म्हणाले, "रडतंय का गं ते?"

"नाही, तात्या. झोपलाय."

"बरं. झोपू दे. उठवू नगंस."

सुषमानं फोन कानाशी तसाच धरला होता. पलीकडून एक शब्द येत नव्हता, आणि तात्या फोन ठेवतही नव्हते.