सिंधूची वडी

निमकर सरांची एक सिद्धता मी माझ्या गाईडमध्ये माझ्या नावावर छापली. त्याला चूक म्हणणं सोयीचं आहे. ती चोरी होती, आणि कारण निव्वळ मत्सर.

निमकर आमच्या सदाशिव पेठेतल्या कॉलेजात माझ्याबरोबर गणित शिकवत. त्यांचा एक हट्ट होता. सिद्धता ज्याच्या प्रश्नातून सुचली, तिला त्याचंच नाव द्यायचं. पाच गिऱ्हाइकांना कोणत्या क्रमानं चहा द्यायचा याच्या तऱ्हा किती, असं कॅन्टीनच्या कांबळ्यांनी सहज विचारलं, तर मुलं वर्षानुवर्षं पेपरात 'कांबळे क्रमवारी' लिहीत राहिली.

"गणिती जातो, नाव फळ्यावर राहतं," निमकर म्हणत. "तेही फुकटात."

अठरा वर्षांत माझ्या नावाचं काहीच निघालं नाही. एकदा मुद्दाम एक चांगला प्रश्न तयार करून नेला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, उत्तर पाठ करून आलात. नाव लागत नाही."

माझी तीन गाईडं बाजारात होती. तरी माजी विद्यार्थी भेटले की नमस्कार मला करत आणि चौकशी निमकरांची.

त्यांची सर्वांत लाडकी सिद्धता 'सिंधूची वडी'. नारळाची एक वडी तिघांत वाटायची. चार तुकडे करा, तिघांना एकेक द्या. उरलेल्याचे पुन्हा चार. असंच करत राहा. प्रत्येकाला पाव, मग पावाचा पाव, मग त्याचाही पाव, आणि सगळ्याची बेरीज बरोबर एक तृतीयांश. सूत्र लागतच नाही. सिंधू कोण, हे मी कधी विचारलं नाही. चौथ्या गाईडात वडी घेतली, सिंधू काढली, वर माझं आडनाव घातलं.

निमकरांनी ते पान स्टाफरूममध्ये शांतपणे वाचलं. मी टोमण्याची वाट पाहत होतो.

"आकृती सुबक आहे," ते म्हणाले. "फक्त आमची सिंधू राहिली."

सिंधू म्हणजे त्यांची बायको. मुलगी लहान असताना घरातल्या तिघांत भांडण नको म्हणून शेवटची वडी ती अशी कापायची. हे कुठवर चालेल, हा प्रश्नही तिचाच. ती गेली, मुलगी परदेशी स्थायिक झाली.

"बिबवेवाडीच्या घरात तिचं नाव घ्यायला मी एकटा," ते म्हणाले. "वर्गात साठ मुलं घेत होती. यंदा तुमचं घेतायत."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच तासाला, त्यांना विचारून, मी फळ्यापाशी उभा राहिलो. बोलणार मुलांशी होतो, बोललो निमकरांशीच.

"सर, वहिनींचं नाव मी खोडलं. मला तिथे माझं हवं होतं. मला माफ करा."