ध्रुवयानातली वैजयंता

मुंजाजीमामा अंतराळयानाला झेंडी दाखवतात. थट्टा करत नाही, खरं सांगतेय. दर शुक्रवारी संध्याकाळी सातला ते आमच्या घरी येतात, चपला दाराबाहेर जोडीनं ठेवतात, आणि खुर्ची पुढं केली तरी बसत नाहीत. टीव्हीच्या बाजूला ताठ उभे राहतात. पडद्यावर यान सुटलं की हात लांब करून हिरवी झेंडी धरतात, ती यान पार ठिपका होईपर्यंत खाली येत नाही. मग झेंडी गुंडाळून काखेत घालतात, "हं, गेलं बराबर," म्हणतात आणि तेव्हा कुठं बसतात.

मुंजाजी काळे, रिटायर गेटमन. सगळी नोकरी रेल्वेच्या फाटकांवर, त्यातली पंधरा वर्षं चुडाव्याजवळच्या एकाच फाटकावर गेली. आता परभणीत आमच्या गल्लीत दोन खोल्या बांधून राहतात. एकटेच. मामी, म्हणजे त्यांची बायको कौसाबाई, जाऊन तीन वर्षं झाली. घरात टीव्ही आहे, पण तो जुना डबा, नेटवरच्या मालिका त्यावर दिसत नाहीत. म्हणून आमच्याकडं. मी शाळेत विज्ञान शिकवते, शुक्रवारपर्यंत पोरांनी माझं डोकं पार उठवलेलं असतं, पण मामांना नाही म्हणायची माझी टाप नाही.

ती मालिका म्हणजे 'ध्रुवयान'. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची, हिंदीत. कप्तान अविनाश यान घेऊन ध्रुवताऱ्याकडं निघतो, वाटेत नाना भानगडी होतात आणि सव्विसाव्या भागात तो पृथ्वीवर परत येतो. ती लागली की म्हणे रस्त्यावर कुत्रं फिरकायचं नाही. मी तेव्हा रांगत होते, त्यामुळं मला विचारू नका.

यंदा ती कुणीतरी नव्यानं काढली आणि जुने प्रेक्षक असे पेटले की बस्स. मोबाइलवर त्यांचा एक गट आहे, तिथं बारमाही शिमगा. एक म्हणतो, जुन्या यानाला बांधलेला दोरा दिसायचा, पण त्यात जीव होता. हे चकाचक यान म्हणजे वॉशिंग मशीन. दुसरा म्हणतो, कप्तानाच्या मिशा कुठं गेल्या? तिसरा सुरुवातीचं संगीत बदललं म्हणून दोन दिवस जेवला नाही, असं त्यानं स्वतःच लिहिलंय. मधूनच पोरंसोरं येतात आणि या काकालोकांना खिजवून जातात.

या सगळ्यांवर कडी म्हणजे आमचे मामा. भाग संपला की खिशातून घडी घातलेला कागद निघतो. "मॅडम, लिवा." त्यांची बोटं जाड, एका दाबात तीन अक्षरं उमटतात, म्हणून टाइप करायचं मी. 

"लिवा. जुन्या शिरेलीत यान मंगळाच्या अलीकडं आउटर सिग्नलला थांबायचं. समोरून दुसरं यान यायचं, क्रॉसिंग व्हायचं, मग ह्याला लाईन भेटायची. ह्यांचं यान निस्तं पळायलंय. उद्या टक्कर झाली तर कोन जिम्मेदार?"

"मामा, अंतराळात सिग्नल नसतो हो. रूळ तरी आहेत का तिथं?"

"रूळ दिसत न्हाईत म्हणून तर सिग्नल लागतो. तुमी पोरांला काय शिकवायलाव मग?"

मी तसंच लिहिलं. पुढच्या शुक्रवारी नव्या कप्तानानं नळीतून जेवण पिळून खाल्लं, तर मामा खुर्चीतून अर्धे उठले. "जुना कप्तान ज्वारीची भाकर न्यायचा. वाळवून, कडक करून. एकदा हातातून सुटली, वर गेली आन छताला चिटकली. दोन दिवस उपाशी ऱ्हायलं बिचारं." हसून हसून माझी पुरेवाट झाली. ते लिहिल्यावर गटावर कुणीतरी विचारलं, "काका, कोणती घेता?" मामा मला म्हणाले, "चहा इचारायला का? सुट्टी पत्ती आणतो म्हणावं."

पण सिग्नल आणि भाकरी हे वरवरचं. मामांचं खरं दुखणं तिसऱ्या भागात बाहेर आलं. त्या दिवशी यान सुटलं आणि मामांनी काखेतून लाल झेंडी काढली. मला काही सुचेना, मी रिमोटनं टीव्ही थांबवला.

"पोरगी काढून टाकली ह्यांनी," मामा म्हणाले. आवाज चढला होता. "कप्तानाची पोरगी. वैजयंता. पहिल्या भागात रांगायची, शेवटी शेवटी पाटी घेऊन शाळेत जायला लागली. कप्तान यानातून बोलायचा तिच्यासंग. तिच्यापायी तर वापस आला त्यो! पोरगीच न्हाई तर वापस कामून यायचं त्यानं?"

खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. घरी कुणी वाट बघणारं नसेल तर माणूस एवढ्या लांबून कशाला परत येईल? मी तावातावानं लिहिलं. मूळ मालिकेतल्या मुलीला वगळणं हा जुन्या प्रेक्षकांचा अपमान आहे, वगैरे वगैरे. 

उत्तर आलं, "कोणती मुलगी?"

गटाच्या प्रमुखाला सव्वीसही भाग तोंडपाठ आहेत. त्यानं स्वच्छ लिहिलं की कप्तान अविनाशला मुलगी नव्हती, त्याचं लग्नच झालेलं नव्हतं. मग काय, हसऱ्या तोंडांचा पाऊस. "हिंदी मालिकेत वैजयंता? मुलगी की पणजी?" असं एकानं लिहिलं. आणि एकानं लिहिलं, "खोटारडा म्हातारा आहे, सोडा." ते मी लपवायला गेले, पण मामांना लिहिता येत नसलं मोबाइलवर, तरी वाचता चांगलं येतं.

"खोटारडा," ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "खोटारडा." मग झेंडीची काठी चोळत बसले. "सगळ्या नोकरीत एक खोटी सही न्हाई केली मी मॅडम. गाडी बघितल्याबिगर रजिस्टरात येळ टाकली न्हाई कधी."

तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, जे आधीच विचारायला पाहिजे होतं. "मामा, तुम्ही स्वतः पाहिली होती ना ती मुलगी?"

"मी? मी कसा बघनार? रविवारी सकाळी माझी ड्यूटी. फाटकावर लाईट बी न्हवती."

पाहायच्या त्या मामी. चुडाव्यात एका घरच्या ओसरीत टीव्ही होता, तिथं गावातली पन्नासेक माणसं जमायची. मामी भाग बघायच्या आणि मग डबा घेऊन तडक फाटकावर यायच्या. मामा जेवायचे आणि मामी पालथ्या बादलीवर बसून अख्खा भाग सांगायच्या, यानाच्या आवाजासकट. "गाडी आली की थांबायची. मी झेंडी दाखवून वापस आलो की बराबर तिथूनच पुढं सुरू. हिंदी काई समजायची न्हाई म्हणायची, पण डोकं लय तेज तिचं." सव्वीस भाग, सव्वीस डबे. मालिका संपल्यावरही वर्षानुवर्षं सांगायला लावायचे ते, आणि त्या सांगायच्या.

"आन मी बी बघितली की एकदा," मामा हसून म्हणाले. "रजेवर परभणीला आलतो, टीवीच्या दुकानात काचेतून. आवाज न्हवता. पोरगी दिसली न्हाई म्हणून घरी जाऊन इचारलं, तर म्हणली, त्या दिवशी मामाच्या गावाला गेलती ती."

क्रॉसिंग, आउटर सिग्नल, वाळवलेली भाकर, सगळं कुठून आलं ते लख्ख कळलं. मी चेहरा तेवढा सरळ ठेवला आणि चहा टाकायला आत गेले.

पुढच्याच आठवड्यात कुणीतरी जुने भाग शोधून गटावर टाकले. एका सुट्टीच्या दिवशी मी ते सगळे पाहिले, जिथं तिथं पुढं ढकलत. मुलगी नाही. कुठंच नाही. मी मामांना सांगितलं नाही. दोन शुक्रवार थापा मारल्या, नेट बंद आहे, रिचार्ज संपलंय. पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारी बाई मी, पण जीभ जराही अडली नाही.

मग मामा रविवारी सकाळीच दारात उभे. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. नाक्यावरच्या दुकानात कुणाकडून तरी त्यांना खबर लागली होती.

"जुनी शिरेल आलीय म्हणं मॅडम. शेवटचाच भाग लावा. त्यात ती हायच."

"राहू द्या ना मामा. कोण कुठले लोक, त्यांचं काय मनावर घेता? जाऊ द्या."

"कसं जाऊ देऊ? मला खोटारडा म्हणले. मी तर कौसाचंच सांगायलोय. म्हंजी तिला म्हणले की न्हाई?" 

मी भाग लावला. नेमका तो प्रसंग येईपर्यंत मामा मला पुढचं सांगत होते. मोठं मैदान आहे, ही गर्दी. कप्तान शिडीवरून उतरतो. साहेब लोक हार घालतात. तेवढ्यात गर्दीतून लाल फराकातली पोरगी पळत येते आणि चार हातांवर थांबते, कारण तिला बाप ओळखू येत नाही. मग विचारते, "तुमीच का?"

मैदान आलं. कप्तान उतरला. साहेब लोकांनी हार घातले. मामा पुढं सरकून बसले होते. "आता. आता बगा. डाव्या अंगानं येती." कप्तानानं सलाम ठोकला, बँड वाजला, झेंडे हलले, आणि खालून नावं वर जायला लागली.

"मागं घ्या जरा," मामा म्हणाले. मी घेतलं. पुन्हा हार, पुन्हा सलाम. "अजून एक डाव." तिसऱ्यांदा ते कप्तानाकडं बघतच नव्हते. गर्दीतला एकेक चेहरा बघत होते.

मी टीव्ही बंद केला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले, "मामी गंमत करत असतील हो तुमची." किती मूर्खासारखं बोलले ते तोंडातून गेल्यावर कळलं.

"नऊ दिसांची होती," मामा म्हणाले.

"कोण मामा?"

"पोरगी आमची. पेडगावला झाली, कौसाच्या माहेरी. शिरेलीच्या आदल्या साली." ते माझ्याशी नाही, बंद टीव्हीशी बोलत होते. "बाराव्या दिसाला बारसं धरलं होतं. पाळणा नेला होता मी इथून, परभणीहून. नवव्या दिसाला गेली. नाव बी ठेवायचं ऱ्हाऊन गेलं. लोक म्हणले, बिननावाचं लेकरू, त्याचं काय एवढं, इसरा. कौसा परत कधी बोललीच न्हाई. मी बी काढलं न्हाई. मला वाटलं, इसरली. पुढं काई लेकरू झालं न्हाई आमाला."

गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. मामा तो जाईपर्यंत थांबले.

"शाळेत घालायचा भाग सांगायली होती एकदा. नवी पाटी, रिबिनीच्या दोन येण्या, समदं सांगायली आन रडायली. मी बोललो तिला. म्हणलं, येडी का तू, दुसऱ्याच्या लेकरासाठी रडायलीस? तिनं डोळे पुसले, डबा उचलला आन गेली. पुढच्या रविवारी आली, पुढचा भाग सांगितला. पण परत रडली न्हाई माझ्यासमोर. दुसऱ्याच्या म्हणलो मी तिला, मॅडम. त्येच्यावर बी काई बोलली न्हाई ती मला."

मला रडू आवरलं नाही. इतके दिवस मी त्या भाकरीला, त्या सिग्नलला हसले होते, त्याची लाज वाटली. मामा रडले नाहीत. मीच रडतेय म्हटल्यावर त्यांनी उठून मला माठातलं पाणी आणून दिलं, माझ्याच घरात.

मग म्हणाले, "गटावर कळवायला पायजे. त्यांचं बराबर होतं."

मी डोळे पुसून मोबाइल घेतला आणि लिहिलं की मूळ मालिकेत मुलगी नव्हती, सांगण्यात आमची चूक झाली. त्यांना वाचून दाखवलं.

"खाली तिचं नाव टाका."

"मामा, कशाला? पुन्हा हसतील मेले."

"हसू द्या. पूर्ण नाव टाका, मॅडम. कुठंच लिवलेलं न्हाई ते."

मी लिहिलं, वैजयंता मुंजाजी काळे. मामांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरला, एकेक अक्षराखाली बोट नेत वाचलं आणि म्हणाले, "बराबर हाय. पाठवा."