विलायतेतल्या किल्ल्यावर प्राचीचं नाव

किल्ला बांधणाऱ्याचं नाव इतिहास विसरतो. किल्ला पाहायला येणाऱ्याचं विसरत नाही, कारण तो ते भिंतीवर लिहून जातो. जुन्नर तालुक्यात ही विद्या फार प्राचीन आहे. नाणेघाटातल्या गुहेत सातवाहनांच्या राणीने आपल्या माणसांची नावं आणि केलेली दानं कोरून ठेवली. पुढच्या पिढ्यांनी दानांचा भाग वगळला आणि नावांचा नेटाने चालवला. आमच्या ढोबळ पाहणीप्रमाणे तालुक्यातल्या गडांवरची निम्मी नावं तैलरंगात, पाव हिस्सा कोळशाने आणि उरलेली खिळ्याने लिहिलेली आहेत. (तैलरंगवाल्यांचं प्रेम जास्त टिकतं असा समज आहे. रंग टिकतो, एवढं आम्ही खात्रीने सांगू शकतो.)

घाटघरचा सुदर्शन याच परंपरेत वाढला. सन २००० मध्ये तो हॉटेल चालवण्याचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला निघाला, तेव्हा नारायणगावच्या प्राचीने एकच मागणी केली.

“तिकडच्या किल्ल्यावं आपलं नाव लिव आन् फोटू धाड. न्हाईतर मी समजंन, इसरलास.”

मागणी रास्त होती. प्राचीचे वडील भिमाजी टोमॅटोचे आडते. शिकणाऱ्या मुलाला मुलगी द्यायची नाही, असा त्यांचा नियम होता. “शिकतोय म्हंजी अजून पोरगंच की. आदी कायतरी व्हऊ दे!” काहीतरी झालेला एक जण त्यांनी हेरूनही ठेवला होता, त्याचं ट्रॅक्टरचं शोरूम होतं. दिवाळीनंतर बोलणी पक्की व्हायची होती. तोवर नकार रेटायला प्राचीला काहीतरी आधार हवा होता, आणि दगडी भिंतीपेक्षा भक्कम आधार कुठला?

विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांची एका किल्ल्यावर एक दिवसाची सहल नेली. सुदर्शनच्या खोलीत राहणारा जुन्नरचा तन्वीर कॅमेरा घेऊन सोबत होता. किल्ला पाहून दोघांची घोर निराशा झाली. बस थेट दारात गेली, म्हणजे चढ नाही. वर देवी नाही. पाण्याचं टाकं नाही. आत गालिचे अंथरलेले आणि कोपऱ्यात कपबश्यांचं दुकान. सर्वांत गंभीर बाब म्हणजे भिंतींवर एकही नाव नव्हतं.

“इकडं कुणी फिरकतच नसंल, राव,” तन्वीर म्हणाला.

सुदर्शनला किल्ल्याची दया आली. खिशातला खडू काढून त्याने टपोऱ्या अक्षरांत ‘प्राची सुदर्शन’ असं लिहिलं. ‘ची’ची वेलांटी त्याने अंमळ लांबच ओढली, कारण जीव तिथे होता.

तन्वीरने कॅमेरा डोळ्याला लावला. पण फ्लॅश तयार झाल्याचा दिवा लागेना. तेवढ्यात किल्ल्याची देखरेख करणारी एक वयस्कर बाई आली. ती ओरडली नाही. तिकडे ओरडण्याऐवजी ‘प्लीज’ म्हणतात, आणि त्याने माणूस जास्त घाबरतो. विद्यापीठाला कळवलं असतं तर सुदर्शनला घरची वाट धरावी लागली असती. तिने ओला स्पंज त्याच्या हातात दिला आणि त्यातल्या त्यात मोठा गुन्हा म्हणून वेलांटीकडे बोट दाखवलं. त्याने आधी ‘ची’ पुसली. नेमका तेव्हा फ्लॅशचा दिवा लागला आणि तन्वीरने कर्तव्यबुद्धीने बटण दाबलं. मग उरलेलंही पुसलं गेलं, हे सांगायला नको.

“तुजा चेहरा झकास आलाय,” असं म्हणत तन्वीरने तो फोटो परस्पर घाटघरला पाठवला.

सुदर्शनचे वडील धर्माजी यांनी फोटो देवळासमोर सर्वांना दाखवला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘प्रा’, थोडी मोकळी जागा, मग ‘सुदर्शन’. सुदर्शनच्या हातात डस्टर. समोर पांढऱ्या केसांची एक मडम हाताची घडी घालून लक्ष देऊन उभी.

“प्राध्यापक झालं आमचं!” धर्माजी म्हणाले.

“पन इद्यार्थिनी लई म्हातारी दिसती,” शेजारच्या सावळेरामांनी शंका काढली.

“तिकडं शिक्षनाला वयाची अट नसती.”

“आन् फळा दगडाचा?”

“जुनं इद्यापीठ आसंल.”

शंकांचं असं समाधानकारक निरसन झाल्यावर सत्कार ठरला. (सत्कारमूर्ती परदेशात असल्याने शाल फोटोला घातली.) भिमाजी स्वतः टोमॅटोचे दोन क्रेट घेऊन हजर झाले. “पावणं, आदी का न्हाई सांगितलं? आमी काय परके?” शोरूमवाल्याला त्यांनी त्याच संध्याकाळी नकार कळवला.

फोटोतल्या मोकळ्या जागेकडे एकट्या प्राचीचं लक्ष गेलं. तिने एसटीडी बूथवरून फोन लावला.

“माजी ‘ची’ कुठंय?”

“पुसली.”

“कुनी?”

“मीच. ती बाई प्लीज म्हनत व्हती.”

प्राचीला रडू आलं. ज्या अक्षरासाठी तिने एवढे दिवस दम धरला, तेच ह्याने आधी पुसलं होतं. पण बाहेर भिमाजी जीपवाल्यांना जावई प्राध्यापक असल्याचं सांगत होते, ते काचेतून तिला ऐकू येत होतं. तिने नाक पुसलं.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “कुनाला बोलू नको. आन् पुन्यांदा लिवशील तवा पेंट घे.”

सुदर्शन परतला आणि उन्हाळ्यात लग्न झालं. पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावाआधी ‘चि.’ छापायची पद्धत आहे, भिमाजींनी ‘प्रा.’ छापलं. विषय कोणता, कॉलेज कोणतं, असं गावात कोणी विचारलं नाही. अडाणी माणसं, त्यांना काय कळतंय?

तुम्ही मात्र शिकलेले. पत्रिका तुम्हालाही आली होती. तुम्ही वेळेवर आलात, पहिल्या पंगतीला जेवलात आणि निघताना नवऱ्या मुलाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणालात, “सर, आमच्या पोराच्या ॲडमिशनचं तेवढं बघा.”